सुटे पैसे

आमच्या इमारतीतली लिफ्ट फुकट वर नेत नाही.
ग्लदानीत अशा अजून आहेत म्हणतात:
दाराशेजारी पत्र्याची पेटी, पेटीला फट,
फटीत वीस तेत्री टाकायच्या, मग ती कण्हत निघते.
उतरायला मात्र काही पडत नाही.

"हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं," असं तामिला म्हणते
आणि स्वतःच हसते. पण ती पुढची गोष्ट.

दोन हिवाळे मी आठव्या मजल्यावर होतो.
राहत होतो म्हणवत नाही.
बायको इटलीत, एका म्हातारीची देखभाल करते.
दर रविवारी फोन वाजायचा,
मी तो दुसऱ्याच्या घरची बेल ऐकावी तसा ऐकायचो.

लोक म्हणायचे, एकटा पडलाय बिचारा वाख्तांग.
एकटा? छे.
एकटं पडायला आत कुणीतरी असावं लागतं.
आत चहाचा पेला होता,
तळाशी लिंबाची फोड. तीही कधीची.

गोळ्या सुरू होऊन अकरावा आठवडा असेल.
रात्री लिफ्ट निघाली. तोच आवाज, तीस वर्षांचा जुना,
पण त्या रात्री तो मला आला.
तिसरा.
पाचवा.
सातवा.
आठव्यावर थांबली.
मी अंथरुणात उठून बसलेलो, श्वास धरून.
दार उघडलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, चुकलं,"
आणि ती वर निघून गेली.

मला दुखलं.
पाय अंगाखाली घेऊन तासभर बसलं की मुंग्या येतात ना,
तशा, पण बरगड्यांत.
टेकवत नाही, हसू येतं, शिवीही येते.
लहानपणी आई म्हणायची, चोळू नकोस. येऊ देत.
पाय परत येतोय.

दवाखान्यात डॉक्टर खातुनानं विचारलं, झोप? भूक?
म्हटलं, हल्ली फार एकटं वाटतं.
तिनं चष्मा काढला. म्हणाली, "छान."
मला राग आला.
तोही तिनं लिहून घेतला.

मग तो मंगळवार. तळमजल्यावर दोन पिशव्या,
आणि पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालून एक बाई.
नाणं सापडेना. मी माझं टाकलं.
आठ मजले आम्ही दोघं दाराकडे बघत उभे.
पिशवीतून भट्टीतल्या शोतीचा वास येत होता,
मला तिचं टोक मोडून खावंसं वाटलं.
कित्येक महिन्यांत काही खावंसं वाटलेलं ते पहिलं,
आणि ते दुसऱ्याचं.
"मी अकराव्यावर," ती म्हणाली. "तुमचे उसने राहिले."

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. मी लेंग्यावर, दाढी चार दिवसांची.
तिनं तळहातावर पाच-पाचची चार नाणी ठेवली.
राहू द्या म्हणालो असतो, तर तिथंच मिटलं असतं.
मी घेतली. मोजून घेतली.
ती आत आली नाही, मीही या म्हटलं नाही.

त्या रात्री जास्त दुखलं.
बरं होताना खोली मोठी होत जाते, हे कुणी सांगत नाही.
पलंगापासून दारापर्यंत एवढं अंतर
पूर्वी नव्हतं, की पूर्वी मी मोजलंच नव्हतं?
दोनदा चहा केला. दोन्ही वेळा ओतून दिला.
रविवार नव्हता, तरी इटलीला फोन लावला.
"काय झालं?" बायको घाबरली.
काही नाही, म्हटलं, तिकडे किती वाजले?
ते मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं की ठाऊक आहे.
तरी तिनं सांगितलं,
मिनिटांसकट.

मुंग्या अजून आहेत. संध्याकाळी जास्त.
आत्ता शोती आणायला खाली उतरतोय, फुकटच.
वर यायला वीस तेत्री लागतील.
खिशात चाळीस घेतल्यात.